जुन्या फोनमधलं व्हॉट्सॲप नव्या फोनमध्ये कसं आणायचं: काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमचं मोबाइल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. कापसाचे पैसे हातात आले की नव्या फोनसाठी गर्दी होते, आणि पुन्हा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास. कोणता फोन घ्यावा यावर माणूस आठ-आठ दिवस विचार करतो. जुन्या फोनमधल्या चॅट नव्यात कशा येणार, हे मात्र नवा फोन चालू झाल्यावर आठवतं, आणि कधी कधी तोवर जुना फोन हातातून गेलेला असतो. म्हणून काउंटरवर रोज येणारे प्रश्न आणि आम्ही देतो ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. बहुतेक प्रश्न व्हॉट्सॲपचेच असतात, त्यामुळे उत्तरंही मुख्यतः त्याचीच आहेत.

“भाऊ, मना जुना फोनना मेसेज नवा फोनमा येतीन का?”

येतील. पण ते आत्ता कुठे आहेत हे आधी समजून घ्या, बाकी सगळं त्यावर ठरतं.

पुष्कळांना वाटतं की मेसेज कंपनीकडे साठवलेले असतात. नंबर टाकला, ओटीपी दिला की आपोआप येतील. तसं नाही. मेसेज समोरच्याला पोहोचला की कंपनीच्या सर्व्हरवर तो राहत नाही. तुमच्या चॅट एकतर तुमच्या फोनमध्ये असतात, नाहीतर तुम्ही घेतलेल्या बॅकअपमध्ये, म्हणजे दुसरीकडे ठेवलेल्या प्रतीत. अँड्रॉइडचा बॅकअप तुमच्या गूगल खात्यात जातो, आयफोनचा आयक्लाउडमध्ये. फोनमध्ये चॅट नसतील आणि बॅकअपही नसेल तर दुकानदार, कस्टमर केअर, कोणीही त्या परत आणून देऊ शकत नाही. पैसे घेऊन आणून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

नवा फोन घेतला आहे, अजून काहीच केलं नाही. पहिलं काय करू?

जुना फोन कोणाला देऊ नका, विकू नका आणि फॉरमॅट मारू नका. निदान आठ दिवस. एवढं पाळलंत तर बाकीच्या जवळपास सगळ्या चुका दुरुस्त होतात. एक्सचेंजमध्ये फोन द्यायचा असेल, तर आधी नवा फोन घरी आणून चॅट आल्यात का ते बघा, मग जुना द्या. दुकानदार “आत्ताच द्या, ऑफर आज संपते” म्हणत असेल, तर त्याच्या काउंटरवर बसून आधी चॅट ट्रान्सफर करा आणि उघडून बघा. अर्धा-पाऊण तास जाईल, पण तो त्याच्यासमोरच जाऊ द्या.

दोन्ही फोन अँड्रॉइड आहेत आणि दोन्ही हातात आहेत. सगळ्यात सोपा रस्ता कोणता?

क्यूआर कोडने थेट ट्रान्सफर. ही सोय व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये आणली. हिच्यासाठी गूगलचा बॅकअप लागत नाही.

सिम अजून जुन्या फोनमध्येच राहू द्या. जुन्या फोनच्या व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग चॅट्स, आणि तिथे खाली ‘चॅट ट्रान्सफर करा’ असं दिसेल. त्यात जाऊन ‘सुरू करा’ दाबा. नव्या फोनवर प्ले स्टोअरमधून व्हॉट्सॲप घ्या आणि तोच नंबर टाका. ओटीपी जुन्या फोनवर येईल, तो नव्यात टाका. मग नवा फोन विचारेल की जुन्या फोनमधून चॅट आणायच्या का. हो म्हणा. वाय-फाय, लोकेशन, जवळपासची डिव्हाइस अशा परवानग्या मागेल, त्या द्या. नव्या फोनवर क्यूआर कोड येईल, तो जुन्या फोनने स्कॅन करा. झालं. आता दोन्ही फोन शेजारी ठेवा, स्क्रीन बंद होऊ देऊ नका आणि मध्येच कॉल घेऊ नका.

यात दोन्ही फोन वाय-फायने एकमेकांशी थेट बोलतात. वाय-फायचं बटण चालू लागतं, पण घरात इंटरनेटचं कनेक्शन असायलाच हवं असं नाही. नंबर पक्का करण्यापुरतं नेट मिळालं की पुढच्या पाच-दहा जीबीला नेट खर्च होत नाही. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून जी पोरं येतात, ज्यांच्याकडे रेंज टेकडीवर चढल्यावर मिळते, त्यांना मी हाच रस्ता सांगतो.

आणखी एक, आपल्या भागापुरतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात पत्र्याखाली फोन चार्जिंगला लावून ट्रान्सफर सुरू केलं की फोन तापतो, चार्जिंग घेत नाही आणि काम अर्ध्यावर थांबतं. पहाटे किंवा रात्री करा, कव्हर काढून ठेवा, आणि दोन्ही फोन आधीच पूर्ण चार्ज करून घ्या म्हणजे मध्ये लाइट गेली तरी अडत नाही.

गूगल बॅकअपवरून आणायचं असेल तर?

जुन्या फोनमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं जा. तिथे शेवटचा बॅकअप कधीचा आहे, किती मोठा आहे आणि कोणत्या जीमेलवर आहे, हे तिन्ही दिसतं. तारीख जुनी असेल तर ‘बॅकअप घ्या’ दाबा आणि शंभर टक्के होईपर्यंत थांबा. ‘व्हिडिओ समाविष्ट करा’ हे बटण बहुतेकांचं बंद असतं. लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ हवे असतील तर आधी ते चालू करा.

मग नव्या फोनमध्ये तेच जीमेल खातं टाका आणि व्हॉट्सॲप उघडून तोच नंबर द्या. बॅकअप सापडला की ‘रिस्टोअर’ असं विचारलं जातं. आधी मेसेज येतात, फोटो-व्हिडिओ मागाहून हळूहळू उतरतात. पहिल्या तासात फोटो धूसर दिसले म्हणून घाबरू नका, फोन वाय-फायवर राहू द्या.

नंबर तोच आणि जीमेलही तोच, दोन्ही जुळायला हवेत. एक जरी वेगळा असला तरी ‘बॅकअप सापडला नाही’ असंच येतं.

जीमेल कोणता होता तेच माहीत नाही. पहिला फोन घेतला तेव्हा दुकानदाराने काढून दिला होता.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण यात गिऱ्हाइकाची चूक काहीच नसते. गर्दीच्या वेळी दुकानदार पटकन एक खातं काढतो, पासवर्ड मनाला येईल तो टाकतो आणि कागदावर लिहून देत नाही. तीन वर्षांनी आबा नवा फोन घेतात आणि आयुष्यातला सगळा बॅकअप अशा खात्यात असतो ज्याचा पासवर्ड जगात कोणालाच माहीत नाही.

जुना फोन चालू असेल तर अजून काही बिघडलेलं नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट्स’ उघडा, जीमेलचा पत्ता तिथे असतो. तो वहीत लिहून घ्या. मग त्याच जुन्या फोनवरून गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन ‘पासवर्ड विसरलो’ करा. फोनचं स्क्रीन लॉक किंवा नंबर विचारून गूगल बहुतेक वेळा नवा पासवर्ड ठेवू देतं. खात्याला तुमचा चालू मोबाइल नंबर जोडा. नवा पासवर्ड घरातल्या बँक पासबुकाच्या मागच्या पानावर लिहिला तरी चालेल. विसरलेल्या पासवर्डपेक्षा घरात लिहून ठेवलेला पासवर्ड कधीही बरा.

हे जमतच नसेल तर गूगलच्या मागे लागू नका, वर सांगितलेलं क्यूआर ट्रान्सफर करा. त्याला जीमेल लागतच नाही.

माझ्याकडून घाईत ‘स्किप’ दाबलं गेलं. आता सगळं रिकामं दिसतंय!

आधी थांबा. नवीन काही करू नका, रात्रीची वाट तर अजिबात बघू नका.

रिस्टोअर करायचं का, हे व्हॉट्सॲप फक्त सुरुवातीला, नंबर पक्का झाल्यावर विचारतं. ते वगळलं की ॲप रिकामं सुरू होतं, आणि आत सेटिंगमध्ये शोधूनही रिस्टोअरचं बटण सापडत नाही. खरा धोका पुढे आहे. रात्री साधारण दोन वाजता फोन आपोआप बॅकअप घेतो. गूगलवरचा बॅकअप रोजचा लावलेला असेल, तर नव्या फोनमधला हा रिकामा बॅकअप तुमच्या भरलेल्या जुन्या बॅकअपच्या जागी जाऊन बसतो. गूगलवर एकच बॅकअप राहतो, मागचा ठेवला जात नाही. संध्याकाळी स्किप झालेलं माणूस सकाळी दुकानात येतं आणि तोवर परतीचा रस्ता बंद झालेला असतो, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

म्हणून लगेच चॅट बॅकअपमध्ये जाऊन आपोआप होणारा बॅकअप बंद करा. जुना फोन हातात असेल तर चिंता नाही: नंबर दुसरीकडे सुरू झाला म्हणून जुन्या फोनचं व्हॉट्सॲप लॉगआउट होतं, पण त्यातल्या चॅट जात नाहीत. जुन्या फोनवर पुन्हा नंबर टाकून ओटीपी द्या, सगळं जसंच्या तसं दिसेल. मग नव्या फोनवरचं ॲप काढून टाका, परत टाका आणि ट्रान्सफर पहिल्यापासून करा.

जुना फोन नसेल तर नव्या फोनच्या गूगल ड्राइव्हमध्ये ‘बॅकअप’ उघडून व्हॉट्सॲपच्या बॅकअपची तारीख आणि आकार बघा. जुनीच तारीख असेल तर तो अजून वाचलेला आहे. व्हॉट्सॲप अनइन्स्टॉल करा, पुन्हा घ्या, नंबर द्या आणि यावेळी ‘रिस्टोअर’ दाबा. मधल्या वेळात आलेले दोन-चार मेसेज जातील, त्यातलं महत्त्वाचं आधी लिहून घ्या. आणि ओटीपी सारखा सारखा मागवू नका. दोन-तीनदा चुकलं की व्हॉट्सॲप काही तास थांबायला लावतं.

‘स्टोरेज भरलं आहे’ म्हणून बॅकअपच होत नाही.

गूगल १५ जीबी जागा फुकट देतं, आणि त्यातच जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह सगळं बसवायचं असतं. पूर्वी अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप त्यात मोजला जात नसे. २०२४ पासून तो मोजला जातो. म्हणून वर्षानुवर्षं चालणारा बॅकअप एकाएकी अडू लागला. आयक्लाउडवर तर फुकट जागा ५ जीबीच आहे.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ उघडा, मग ‘स्टोरेज मॅनेज करा’. कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते उतरत्या क्रमाने दिसतं. यावल-रावेरकडच्या केळीवाल्यांच्या फोनमध्ये बाजारभावाच्या ग्रुपमधले रोजचे फोटो, आणि सगळ्यांच्याच फोनमध्ये शुभ सकाळ. तिथले मोठे व्हिडिओ काढले की बहुतेक वेळा काम भागतं. पैसे देऊन जागा घेण्याआधी हे करून बघा.

फोनमध्येच बॅकअप असतो म्हणतात, तो कुठे?

असतो, फक्त अँड्रॉइडमध्ये, आणि साधारण शेवटच्या सात दिवसांचा. फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, मग मीडिया, त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचं फोल्डर, आणि आत ‘डेटाबेसेस’. नव्या फोनमध्ये नंबर टाकण्याआधी हे अख्खं व्हॉट्सॲप फोल्डर केबलने किंवा मेमरी कार्डने त्याच जागी कॉपी केलं, तर ॲप तिथून रिस्टोअर करायला विचारतं. आदल्या दिवशीचा बॅकअप हवा असेल तर त्या फाइलच्या नावातली तारीख आणि तिच्यानंतरचा एकाचा आकडा काढायचा, शेवटची अक्षरं आणि १४ किंवा १५ हा आकडा मात्र जसाच्या तसा ठेवायचा. सवय नसेल तर जाणत्याला बरोबर घ्या.

पुण्याच्या मुलाने त्याचा आयफोन दिला. माझा अँड्रॉइड होता.

इथे लक्षात ठेवा: गूगलवरचा बॅकअप आयफोनमध्ये उघडत नाही, आणि आयक्लाउडवरचा अँड्रॉइडमध्ये उघडत नाही. त्यामुळे जुना फोन हातात असणं गरजेचं आहे.

ॲपलचं ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचं ॲप अँड्रॉइड फोनवर घ्यायचं. आयफोन नवा किंवा रिसेट केलेला हवा, म्हणजे मुलाने आधी त्याचा डेटा काढून घ्यावा आणि त्याच्या ॲपल खात्यातून बाहेर पडावं. आयफोन पहिल्यांदा सुरू करताना ‘अँड्रॉइडमधून डेटा आणा’ निवडा, स्क्रीनवरचा कोड अँड्रॉइडमध्ये टाका आणि यादीतून व्हॉट्सॲप निवडा. दोन्ही फोन चार्जिंगला लावून ठेवा. शेवटी आयफोनवर व्हॉट्सॲप घेऊन तोच नंबर द्या. मुलगा सुट्टीला घरी आलेला असताना हे काम उरकून घ्या, फोनवरून समजावताना दोघांचाही जीव जातो.

उलट, आयफोनकडून अँड्रॉइडकडे येताना नवा अँड्रॉइड पहिल्यांदा सुरू करतानाच दोन्ही फोन केबलने जोडून डेटा आणायचा असतो. बहुतेक फोनना अँड्रॉइड १२ किंवा पुढचं लागतं.

नंबरही बदलायचा आहे.

एका दिवशी दोन्ही करू नका. आधी जुन्या नंबरवरच चॅट नव्या फोनमध्ये आणा. सगळं नीट आलं की सेटिंग्ज, अकाउंट, ‘नंबर बदला’ इथून नवा नंबर लावा. ग्रुप आणि चॅट जागच्या जागी राहतात.

फोन पडला, स्क्रीन गेली. किंवा चोरीला गेला.

स्क्रीनवर दिसतं पण टच चालत नाही, असं असेल तर साधा ओटीजी (फोनला माउस जोडायची छोटी पिन) आणि संगणकाचा माउस जोडा. बाण दिसतो, त्याने बॅकअप घेता येतो. काहीच दिसत नसेल तर स्वस्तातला डिस्प्ले बसवून एकदा फोन चालू करून घ्या; चॅट मदरबोर्डवरच्या मेमरीत असतात, काचेत नाही.

चोरी झाली असेल तर आधी सिम बंद करून त्याच नंबरचं दुसरं घ्या. सिम बदलल्यावर २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात, हा सरकारचाच नियम आहे, त्यामुळे ओटीपी येत नाही म्हणून घाबरू नका. व्हॉट्सॲपमध्ये ओटीपी फोन कॉलवर मागवा. नव्या फोनवर नंबर सुरू होताच चोराच्या हातातलं व्हॉट्सॲप बंद पडतं. पोलिसात तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करा. बँकेचा घोळ झाला असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

दोन टप्प्यांचा सहा आकडी पिन लावला होता आणि तो विसरलात, ईमेलही जोडलेला नाही, तर सात दिवस थांबावं लागतं. दुसरा इलाज नाही.

बॅकअप पासवर्ड मागतोय, तो मला आठवत नाही.

म्हणजे तुम्ही कधीतरी एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला आहे. तो पासवर्डने किंवा ६४ आकडी किल्लीने उघडतो. ती किल्ली व्हॉट्सॲपकडे नसते आणि गूगलकडेही नसते. जुन्या फोनवर व्हॉट्सॲप अजून चालू असेल तर तिथून हा पासवर्ड बदलता येतो. नसेल तर तो बॅकअप उघडत नाही. सुरक्षेसाठी ही सोय चांगली आहे, पण पासवर्ड लिहून ठेवणार नसाल तर चालू करू नका, असंच मी वयस्कर माणसांना सांगतो.

व्यापाऱ्याचे हिशोबाचे मेसेज आहेत, ते जाता कामा नयेत.

काट्याची पावती, भाव, ‘पंधरा दिवसांनी पैसे देतो’ हे सगळं आता व्हॉट्सॲपवरच होतं. त्या चॅटमध्ये जाऊन ‘चॅट एक्स्पोर्ट’ करा आणि फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवा. ही फाइल वाचायला कामी येते, परत व्हॉट्सॲपमध्ये घालता येत नाही. पण पैसे अडकलेले असतील, प्रकरण कोर्टात जायची शक्यता असेल, तर ज्या फोनवर ते मेसेज आले तो मूळ फोनच जपून ठेवा. स्क्रीनशॉटवर कोणीही शंका घेतं, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर कायद्याने प्रमाणपत्र लागतं, ते देताना मूळ फोन जवळ असलेला बरा.

टेलिग्राम आणि सिग्नलचं काय?

टेलिग्रामच्या चॅट त्यांच्या सर्व्हरवरच असतात, नंबर टाकला की येतात. फक्त ‘सिक्रेट चॅट’ येत नाहीत. सिग्नलमध्ये जुना फोन समोर ठेवून ट्रान्सफर करणं सगळ्यात खात्रीचं. आणि ‘जीबी’ नावाचं जे व्हॉट्सॲप फिरतं ते कंपनीचं नाही. त्यातल्या चॅट खऱ्या व्हॉट्सॲपमध्ये येतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही, वर नंबरही बंद होऊ शकतो.

माणूस गेलं आहे, त्याचे व्हॉइस मेसेज जपायचे आहेत.

इथे मी बॅकअपवर विसंबू नका म्हणतो. आमची आजी व्हॉइस मेसेज पाठवायची. तिला टाइप करता येत नव्हतं. आखाजीला झोक्यावरची गाणी, कानबाईची (आमच्याकडची देवी) गाणी, तीही अहिराणीत, मध्येच थांबून “जेवना का रे भाऊ?” वडिलांच्या फोनमध्ये ती सगळी होती. आजी गेली, आणि पुढच्या दिवाळीत वडिलांनी एका शहरातल्या दुकानात तो फोन एक्सचेंजला दिला. तिथल्या पोराने समोरच फॉरमॅट मारला. बॅकअप आहे असं वडिलांना वाटत होतं. तो दीड वर्षापूर्वी बंद पडला होता. त्या गाण्यांपैकी एकही आता आमच्याकडे नाही. तेव्हापासून आमच्या दुकानात कोणाचाही फोन रिसेट करण्याआधी मी नव्या फोनवर दोन वर्षांपूर्वीची एक चॅट उघडायला लावतो.

असे मेसेज व्हॉट्सॲपच्या बाहेर काढा. मेसेजवर बोट दाबून धरा, ‘शेअर’ करा, आणि ड्राइव्हवर किंवा ईमेलवर पाठवा. एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, एक भावंडांकडे. फाइलला नाव द्या: कोणाचा आवाज, कोणतं गाणं, कधीचं. मुळातल्या नावात नुसती अक्षरं आणि आकडे असतात, दहा वर्षांनी त्यावरून काही कळणार नाही.

मग जुना फोन कधी रिसेट करू?

नव्या फोनमध्ये सगळ्यात जुनी चॅट उघडा आणि वरपर्यंत सरकवा. एक जुना फोटो मोठा करून बघा, एक व्हॉइस मेसेज ऐका. नव्या फोनवरून एक ताजा बॅकअप घ्या आणि त्याची तारीख बघा. यूपीआय आणि बँकेची ॲप नव्या फोनवर पुन्हा सुरू करा, ती चॅटबरोबर येत नाहीत. मग आठवडाभर तो जुना फोन कपाटात पडू द्या. आठव्या दिवशी त्यातली सिम आणि मेमरी कार्ड काढा, गूगल खातं काढा, आणि फॅक्टरी रिसेट करा.